चिनी कारखान्यांतील ओव्हरटाइम आणि कामगारांची बदललेली भूमिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधील कारखान्यांविषयी लिहिले की वाचकांकडून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कोणी विचारते, हे लोक बारा-बारा तास काम करायला तयार का होतात. कोणी विचारते, आता तेथील मुले कारखान्यात टिकत नाहीत हे खरे का. वरवर पाहता दोन्ही गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण एकदा पगाराचा हिशेब समोर ठेवला की त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असल्याचे लक्षात येते. म्हणून प्रश्न ४ मधील हिशेब आधी वाचला तरी चालेल. ज्यांना कायद्यापासून सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी क्रम खालीलप्रमाणे आहे.

१. चीनमध्ये कायद्याने आठवड्याला किती तास काम करून घेता येते?

चाळीस. चीनचा श्रम कायदा १९९४ साली संमत झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला सरासरी ४४ तासांची मर्यादा होती. त्यानंतर राज्य परिषदेच्या (म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या) निर्णयाने १ मे १९९५ पासून आठवडा ४० तासांचा झाला. ओव्हरटाइम सर्वसाधारणपणे दिवसाला एक तास, विशेष कारण असल्यास तीन तास, आणि काहीही झाले तरी महिन्याला ३६ तासांपेक्षा जास्त नाही, असे कलम ४१ सांगते. आठवड्यातून किमान एक दिवस सुट्टी देणे बंधनकारक आहे.

२. ओव्हरटाइमचे पैसे कोणत्या दराने मिळतात?

कामाच्या दिवशी जादा थांबल्यास दीडपट, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केल्यास आणि बदली रजा न मिळाल्यास दुप्पट, आणि वसंतोत्सव (चिनी नववर्ष) किंवा राष्ट्रीय दिनासारख्या सरकारी सुट्टीला तिप्पट. तासाचा दर काढताना महिन्याचा पगार २१.७५ दिवसांनी आणि मग आठ तासांनी भागतात. हा २१.७५ चा आकडा कारखान्यातल्या जुन्या कामगारांना तोंडपाठ असतो, कारण पगारपत्रक बरोबर आहे की नाही हे त्यावरूनच पडताळता येते.

३. मग महिन्याला ३६ तासांची मर्यादा पाळली जाते का?

मोठ्या प्रमाणावर पाळली जात नाही. चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी विभागाच्याच आकड्यांनुसार २०२३ मध्ये उद्योगांतील कर्मचाऱ्यांचा सरासरी आठवडा ४९ तासांचा होता. म्हणजे ४० तासांवर आठवड्याला नऊ तास, आणि महिन्याचे सुमारे ३९. ही सरासरी कार्यालये, दुकाने आणि कारखाने सर्वांची मिळून आहे. निर्यातीच्या हंगामात इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणी-लाइनवर उभे राहणाऱ्यांचे तास याहून बरेच अधिक असतात. कायदा कागदावर कडक आहे, हे मान्य करायला हवे. अडचण अंमलबजावणीची आहे, कारण स्थानिक प्रशासनाला कारखाना आपल्या हद्दीत राहायला हवा असतो, आणि कामगाराकडून तक्रार येत नाही. ती का येत नाही, हे पुढील उत्तरात आहे.

४. कामगार स्वतःच ओव्हरटाइम मागतात असे ऐकले आहे. हे खरे आहे, की ही मालकांनी पसरवलेली गोष्ट आहे?

खरे आहे, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय या विषयातले काहीच नीट कळत नाही. दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतातल्या शेनझेन शहराचे उदाहरण घेऊ. २०२२ च्या सुरुवातीपासून तेथील किमान वेतन महिन्याला २,३६० युआन होते (मार्च २०२५ पासून ते २,५२० झाले). अनेक कारखान्यांत मूळ पगार या किमान वेतनाइतकाच किंवा त्याच्या जरासा वर ठेवलेला असतो. २,३६० ला २१.७५ ने आणि मग ८ ने भागले की तासाचा दर सुमारे साडेतेरा युआन येतो. दीडपटीचा दर २० युआनच्या थोडा वर आणि दुपटीचा २७ च्या थोडा वर.

आता कायदा काटेकोर पाळून महिन्याला ३६ तासच ओव्हरटाइम केला, तोही सगळा कामाच्या दिवशी, तर त्याचे सुमारे ७३० युआन होतात आणि कपातीपूर्वीचा एकूण पगार ३,१०० च्या आत राहतो. तोच कामगार रोज दोन तास जादा थांबला (२२ दिवसांचे ४४ तास) आणि चारही शनिवारी दहा-दहा तास आला, तर ओव्हरटाइमचे जवळपास १,९८० युआन मिळून पगार ४,३०० च्या पुढे जातो. हे ८४ तास झाले, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या दुपटीहून जास्त. पण गावाकडे आईवडील आणि मूल ठेवून आलेल्या माणसासाठी घरी पाठवायची रक्कम या बाराशे युआनच्या फरकातूनच निघते.

२०१२ मध्ये फेअर लेबर असोसिएशन या संस्थेने आयफोनची जुळणी करणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या तीन कारखान्यांत ३५,००० हून अधिक कामगारांची मते घेतली. ४८ टक्क्यांनी कामाचे तास योग्य असल्याचे सांगितले, सुमारे ३४ टक्क्यांना अधिक पैशांसाठी अधिक तास हवे होते, आणि तास फार होतात असे म्हणणारे १८ टक्क्यांच्या आसपास होते. हे आकडे दाखवून कामगार समाधानी असल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. मात्र त्याच पाहणीत ६४ टक्क्यांहून अधिक कामगारांनी मिळणारा पगार मूलभूत गरजांना पुरत नसल्याचेही सांगितले होते. दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. पोट भरत नाही म्हणून जास्त तास मागणाऱ्या माणसाला जास्त काम आवडते असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

५. ओव्हरटाइमला नकार दिला तर नोकरी जाते का?

थेट काढून टाकणे मालकाला क्वचितच सोयीचे असते, कारण १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या श्रम करार कायद्यानुसार कारणाशिवाय काढल्यास भरपाई द्यावी लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे त्या कामगाराचा ओव्हरटाइमच बंद करणे. सायंकाळी साडेपाचला बाकीची लाइन चालू राहते आणि त्याला एकट्याला घरी जायला सांगितले जाते. महिनाअखेरीस हातात उघडा मूळ पगार येतो, खोलीभाडे आणि जेवणाचे पैसे वजा जाता फारसे उरत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत माणूस आपणहून राजीनामा देतो. म्हणजे भरपाईचा प्रश्नच मिटतो. ज्या देशात कामगाराला आठ तासांनंतर घरी पाठवणे ही शिक्षा ठरू शकते, तेथे ‘स्वेच्छेने केलेला ओव्हरटाइम’ या शब्दप्रयोगाकडे फार सावधपणे पाहावे लागते.

६. आधीची पिढी आणि आजची पिढी यांच्या दृष्टिकोनात नेमका कोणता फरक पडला?

१९८० आणि १९९० च्या दशकांत सिचुआन, हुनान, हेनान यांसारख्या प्रांतांतून ग्वांगडोंगच्या कारखान्यांत आलेल्यांमध्ये तरुण मुलींची संख्या मोठी होती. त्यांना ‘दागोंगमेई’, म्हणजे मजुरी करणाऱ्या मुली, म्हणत. त्यांच्यासाठी कारखाना हा काही वर्षांचा मुक्काम होता. पैसे साठवायचे, गावी घर बांधायचे, भावाच्या शिक्षणाला हातभार लावायचा आणि परत जायचे. त्यांच्या तुलनेचा मापदंड शेत होता. शेतातल्या कष्टांसमोर छताखालचे बारा तास आणि महिन्याला रोख पगार यांत तक्रारीला जागा कमी वाटे. शिवाय हुकोऊ म्हणजे घरनोंदणीच्या पद्धतीमुळे शहरातल्या शाळा आणि सरकारी सोयी त्यांच्यासाठी जवळपास बंद होत्या, त्यामुळे शहरात स्थिरावण्याचा विचारच कोणी करत नसे.

त्यांची मुले वेगळ्या परिस्थितीत वाढली. एक-अपत्य धोरणामुळे भावंडे कमी, शाळा नऊ वर्षे किंवा त्याहून अधिक, आणि शेतीचा अनुभव जवळजवळ नाही. त्यांच्या तुलनेचा मापदंड शहरातला समवयस्क झाला. २०१० च्या पहिल्या क्रमांकाच्या केंद्रीय दस्तऐवजात (वर्षाच्या सुरुवातीला निघणाऱ्या धोरणपत्रात) सरकारनेच ‘नव्या पिढीचे शेतकरी-कामगार’ हा शब्दप्रयोग वापरला, म्हणजे तोपर्यंत हा बदल राज्यकर्त्यांनाही दिसला होता.

दुसरे कारण संख्येचे आहे. २००४ च्या सुमारास ग्वांगडोंगच्या कारखान्यांना पहिल्यांदा माणसे कमी पडू लागली, आणि २०१२ पासून चीनमधील १५ ते ५९ वयोगटाची लोकसंख्या घटू लागली. दारावर रांग नसेल तर आत उभ्या असलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत येते. माझ्या मते दृष्टिकोन बदलण्यामागे शिक्षण किंवा मोबाइल यांच्याइतकाच, कदाचित त्याहून अधिक, या संख्येचा हात आहे.

७. फॉक्सकॉनमध्ये २०१० साली जे घडले त्याने काय बदलले?

त्या एका वर्षात फॉक्सकॉनच्या चीनमधील कारखान्यांत, मुख्यतः शेनझेनमध्ये, किमान १४ तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या. बहुतेकांचे वय पंचविशीच्या आत होते. कंपनीने वसतिगृहांच्या इमारतींभोवती जाळ्या बसवल्या, आणि जूनमध्ये मूळ पगार ९०० वरून १,२०० युआन केला. जाळ्यांची छायाचित्रे जगभर गेली, पगारवाढीची बातमी मागे पडली. खरे म्हणजे ९०० युआन हा आकडाच कामगारांना रोज लाइनवर अडकवून ठेवत होता.

त्याच मे महिन्यात फोशानच्या नानहाई भागातील होंडाच्या गिअरबॉक्स कारखान्यात सुमारे १,८०० कामगार संपावर गेले आणि सुटे भाग न मिळाल्याने होंडाचे चीनमधील मोटार-जुळणीचे कारखाने थांबले. संपकऱ्यांना लक्षणीय पगारवाढ मिळाली, आणि त्यांनी आपले संघटना-प्रतिनिधी स्वतः निवडण्याची मागणीही केली. फॉक्सकॉनमध्ये दुःख एकेकट्याने सोसले गेले, फोशानमध्ये ते एकत्र बोलून दाखवले गेले. दोन्हींच्या मुळाशी एकाच वयाची मुले होती. संपाच्या कायदेशीर स्थितीसाठी प्रश्न १२ पाहावा.

८. तरुण आता कारखान्यात जायलाच तयार नाहीत, हे कितपत खरे?

जातात, पण टिकत नाहीत. लाइनवरच्या कामाला ते ‘स्क्रू फिरवणे’ म्हणतात, आणि नोकरी सोडण्याला ‘बादली उचलून चालू लागणे’. ही बादली खरीच असते: वसतिगृहात राहणाऱ्याचे साबण, टॉवेल, चपला, चार्जर सगळे एका प्लास्टिकच्या बादलीत मावते, आणि अंथरुणाची वळकटी दुसऱ्या हातात घेतली की बिऱ्हाड हलले. आठवडाभर काम करून बादली उचलणाऱ्यांची संख्या इतकी असते की मोठे कारखाने हंगामात सतत भरती करत राहतात.

भरतीच्या जाहिरातींतूनही बदल दिसतो. पूर्वी जाहिरातीत ओव्हरटाइम भरपूर असल्याचे ठळकपणे लिहिलेले असे. आता त्याच्या जोडीला बसून काम, वातानुकूलित विभाग, डोक्यापासून पायापर्यंतचा धूळरोधक पोशाख घालावा लागत नाही, मोबाइल आत नेता येतो, फक्त दिवसपाळी, अशी वाक्ये असतात. महिनाभराच्या रात्रपाळीने माणसाचे काय होते हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला यातल्या शेवटच्या दोन शब्दांचे मोल सांगावे लागणार नाही.

अनेक तरुण थेट घरपोच सेवांकडे वळले. मेइत्वान या एकाच मंचावरून २०२३ मध्ये सुमारे ७४.५ लाख जणांनी जेवण पोहोचवून कमाई केली. तेथेही तास कमी नसतात आणि अपघाताची भीती मोठी असते, पण डोक्यावर लाइन-प्रमुख ओरडत नाही, याला ही मुले फार महत्त्व देतात. शेनझेनच्या लोंगह्वा भागातील मजूर-बाजाराभोवती तर एक दिवस काम आणि तीन दिवस आराम अशी राहणारी मुले २०१० च्या दशकात सगळ्या देशाला माहीत झाली. त्यांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कितीही ओव्हरटाइम केला तरी शहरात घर होणार नाही हे ज्याला पक्के कळले, त्याने ओव्हरटाइम कशासाठी करायचा, याचे उत्तर टीका करणाऱ्यांनी आधी द्यावे.

९. मग जादा तास आता कोण करते?

मोठ्या प्रमाणावर वयस्क कामगार. २०१० मध्ये चीनमधील स्थलांतरित कामगारांचे सरासरी वय साडेपस्तीस होते, २०२३ मध्ये ते ४३.१ झाले, आणि सुमारे २९.८ कोटी कामगारांपैकी ३० टक्क्यांहून अधिक जण पन्नाशीच्या पुढचे होते. या वयात मुलाच्या लग्नासाठी घर, आईवडिलांचे आजारपण आणि स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज एकदम समोर येते. त्यामुळे एकाच लाइनवर विशीतला मुलगा सहा वाजता सुटण्यासाठी भांडतो आणि शेजारची पन्नाशीची बाई शनिवारचे काम आपल्याला मिळावे म्हणून विनवते, असे चित्र तयार होते. दोघांचेही बरोबर आहे.

या पिढीचा लढा तासांपेक्षा निवृत्तिवेतनावर अधिक दिसला आहे. एप्रिल २०१४ मध्ये डोंगग्वानच्या यू युएन या बूट कारखान्यात सुमारे ४०,००० कामगारांनी काम थांबवले. कंपनी सामाजिक विम्याची रक्कम प्रत्यक्ष कमाईवर न भरता कमी पगार धरून भरत असल्याचे निवृत्तीला आलेल्या कामगारांच्या लक्षात आले होते. वर्षानुवर्षे केलेला ओव्हरटाइम म्हातारपणाच्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

१०. ‘९९६’ म्हणजे हेच का?

नाही. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, हा शब्द संगणक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांचा आहे. मार्च २०१९ मध्ये त्यांनी ऑनलाइन मोहीम सुरू केली, आणि पुढच्याच महिन्यात अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी असे काम करायला मिळणे हे भाग्य असल्याचे म्हटल्यावर मोठा वाद झाला. या कर्मचाऱ्यांना बहुधा जादा तासांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. कारखाना-कामगाराला ते तासाच्या हिशेबाने मिळतात, आणि म्हणूनच दोघांच्या तक्रारी वेगळ्या आहेत. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च जन न्यायालय आणि मनुष्यबळ मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या दहा नमुना-प्रकरणांत ९९६ बेकायदेशीर ठरले, त्याचा उपयोग कारखान्यांतील वादांतही होतो (प्रश्न ११ पाहावा).

११. ओव्हरटाइमचे पैसे नकोत असे कामगाराने स्वतःच लिहून दिले असेल तर?

ते लेखी संमतिपत्र टिकत नाही. वर उल्लेखिलेल्या दहा प्रकरणांपैकी एकात नेमका हाच प्रश्न होता, आणि असा करार निरर्थक असल्याचे स्पष्ट करण्यात आले.

एक अपवाद मात्र फसवा आहे. कलम ३९ नुसार काही उद्योगांना श्रम खात्याच्या परवानगीने ‘एकत्रित तास’ पद्धत वापरता येते. त्यात तासांची बेरीज आठवडा, महिना, तिमाही किंवा वर्षभरावर केली जाते. अशा ठिकाणी शनिवार-रविवारच्या कामाला आपोआप दुप्पट दर मिळत नाही. एकूण तास ठरलेल्या मर्यादेपुढे गेले तरच त्या जादा तासांना दीडपट मिळते. सरकारी सुट्टीचा तिप्पट दर कायम राहतो. परवानगी न घेताच ही पद्धत लावल्याची प्रकरणे वारंवार न्यायनिवाड्यापर्यंत जातात.

विद्यार्थ्यांचा प्रश्नही येथेच येतो. व्यावसायिक शाळांतील मुलांना प्रशिक्षण म्हणून लाइनवर उभे केले जाते, पण २०१६ च्या नियमांनुसार त्यांना ओव्हरटाइम आणि रात्रपाळी देता येत नाही. शाळेचा दाखला अडवण्याची धमकी असल्याने ही मुले सर्वांत असहाय असतात, आणि या साऱ्या विषयातला हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो.

१२. कामगार संघटना काय करतात? संप करता येतो का?

अखिल चीन कामगार महासंघ ही एकच कायदेशीर संघटना आहे, आणि कारखान्यातील तिचे पदाधिकारी बऱ्याचदा व्यवस्थापनातलेच असतात. संपाचा हक्क १९८२ च्या राज्यघटनेतून वगळला गेला. संप करणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, पण संरक्षणही नाही. २०१५ च्या अखेरीस ग्वांगडोंगमध्ये कामगारांना सल्ला देणाऱ्या स्वयंसेवी संस्थांवर कारवाई झाली. २०१८ मध्ये शेनझेनच्या जासिक कारखान्यात संघटना स्थापण्याचा प्रयत्न करणारे कामगार आणि त्यांना पाठिंबा द्यायला आलेले विद्यार्थी ताब्यात घेतले गेले. हाँगकाँगमध्ये १९९४ साली स्थापन झालेली आणि चीनमधील संपांची नोंद ठेवणारी चायना लेबर बुलेटिन ही संस्था जून २०२५ मध्ये बंद झाली. उघडपणे बोलण्याच्या वाटा अशा अरुंद होत गेल्यामुळे नाराजी बादली उचलण्यातून व्यक्त होते (प्रश्न ८).

१३. काही चिनी कंपन्या आता कर्मचाऱ्यांना वेळेवर घरी पाठवतात म्हणे?

२०२५ च्या सुरुवातीला घरगुती उपकरणे बनवणाऱ्या मिडिया (Midea) या कंपनीने सायंकाळी ६.२० पर्यंत कार्यालय सोडण्याचा नियम केला आणि त्याच क्षेत्रातील हायरने आठवड्याला दोन दिवस सुट्टी सक्तीची केली, अशा बातम्या आल्या. आपसातील निरर्थक स्पर्धा थांबवण्याचे सरकारचे आवाहन आणि सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालावर बंदी घालणारा युरोपीय संघाचा २०२४ चा नियम, ही कारणे त्यामागे सांगितली जातात. हे नियम प्रामुख्याने कार्यालयांसाठी होते. तासावर पगार घेणाऱ्या कामगाराला दर न वाढवता सहा वाजता घरी पाठवले, तर त्याच्या वाट्याला प्रश्न ४ मधला जवळपास उघडा मूळ पगारच येतो.

१४. महाराष्ट्रातील परिस्थितीशी याची तुलना करता येईल का?

सावधपणे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवडा ४८ तासांचा आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट ठरवला. चीनमध्ये आठवडा लहान, पण रोजच्या ओव्हरटाइमला दीडपट. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. त्या वेळी कामगाराच्या संमतीची अट पुरेशी असल्याचे सांगितले गेले. संमतीचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, यासाठी प्रश्न ५ पुन्हा वाचावा.

१५. थकलेला ओव्हरटाइम मागायचा असेल तर चिनी कामगार काय करतो?

१ मे २००८ पासून श्रम-लवादाकडे जाण्यासाठी शुल्क लागत नाही. नोकरी सुटल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जादा काम केल्याचा प्राथमिक पुरावा कामगारानेच द्यायचा असतो. हजेरीची नोंद मालकाच्या ताब्यात आहे एवढे तो दाखवू शकला आणि मालकाने ती सादर केली नाही, तर परिणाम मालकाला भोगावे लागतात.

म्हणून तरुण कामगारांमध्ये एक सवय रुजली आहे. पाळी संपल्यावर हजेरी-यंत्राच्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे, लाइन-प्रमुखाने गटात पाठवलेला ‘आज साडेआठपर्यंत थांबा’ हा संदेश जपून ठेवायचा, आणि पगारपत्रक हातात आले की २१.७५ ने भागून पाहायचे. त्यांच्या आयांनी याच दारातून बाहेर पडताना किती तास झाले हे मोजले असेल, पण त्याची नोंद त्यांच्याकडे नव्हती.